नाव शेवटी: उत्खननातली रोमन खापरे हाताळायची आणि ओळखायची पद्धत

नेवासे, घारापुरी आणि भारताच्या पश्चिम भागातल्या इतर अनेक स्थळांवर जाड, आतून काळा लेप असलेली खापरे सापडली. त्यांतल्या बऱ्याच खापरांवर वर्षानुवर्षे 'रोमन ॲम्फोरा' (मद्य, तेल वाहून न्यायचा दोन कानांचा मातीचा कुंभ) अशी चिठ्ठी लागलेली होती. रोमन खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा एकेक करून भिंगाखाली घातली आणि २००७ साली निष्कर्ष मांडला. यांतली बरीच खापरे रोमन नाहीतच, ती मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडून आलेल्या 'टॉर्पेडो' रांजणांची आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. चुकीचे नाव पडले की नुसते नाव चुकत नाही. सातवाहन काळातला समजलेला थर प्रत्यक्षात काही शतकांनी अलीकडचा निघू शकतो.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम असा ठेवला आहे की खापराला नाव सगळ्यांत शेवटी मिळावे. आधी थर, मग माती, मग घडण, मग मोजमाप. ब्रिटनमधल्या रोमन किल्ल्यावर काम चालू असो की कोकणातल्या बंदरावर, क्रम हाच.

खड्ड्यातून पिशवीपर्यंत

प्रत्येक थराला, खड्ड्याला, भिंतीच्या पायाच्या चराला स्वतंत्र क्रमांक असतो. एका क्रमांकाची खापरे एकाच पिशवीत किंवा घमेल्यात, आणि चिठ्ठी दोन ठिकाणी: एक आत, एक बाहेर. चिठ्ठी न फाटणाऱ्या कृत्रिम कागदाची हवी आणि तिच्यावर पेन्सिलने किंवा कायम टिकणाऱ्या शाईने लिहावे. साध्या कागदावर बॉलपेनने लिहिलेला क्रमांक ओल्या पिशवीत महिन्याभरात वाचता येईनासा होतो. क्रमांक गेलेले खापर कितीही सुंदर असले तरी काळ ठरवायच्या कामाचे राहत नाही.

दोन थरांच्या सीमेवर सापडलेले खापर कुठे टाकायचे, हा रोजचा प्रश्न. शंका असेल तर ते वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरात टाका. खालच्या थरात चुकून शिरलेला एक अलीकडचा तुकडा त्या अख्ख्या थराची तारीख पुढे ढकलतो. वरच्या थरात जुना तुकडा असण्याने तसे काही बिघडत नाही, कारण जुने तुकडे वरच्या थरांत एरवीही येतातच.

पूर्ण किंवा अर्धे भांडे सापडले तर जागच्या जागी रिकामे करू नका. भोवतीची माती ठेवून, कापडी पट्ट्या गुंडाळून, खाली पत्रा सरकवून उचला. आतली माती नमुना म्हणून लागते. चाळणी ५ किंवा १० मिलिमीटरची वापरा आणि कोणत्या थराला कोणती वापरली ते लिहून ठेवा, नाहीतर दोन थरांच्या आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.

भारतातल्या उत्खननांत 'पॉटरी यार्ड' आखण्याची पद्धत आहे. जमिनीवर चौकोन पाडून थराथराची खापरे मांडतात आणि निवडतात. पद्धत चांगली. घोळ होतो तो निवडीत. काठ, बूड, तोटी आणि नक्षीचे तुकडे ठेवायचे आणि साधे पोटाचे तुकडे मोजून टाकून द्यायचे, असा रिवाज अनेक ठिकाणी होता. ॲम्फोऱ्याचे मात्र नव्वद टक्के अंग साधे, जाड, बिननक्षीचेच असते. म्हणजे टाकून दिलेल्या ढिगातच परदेशी भांडे जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. पोटाचे तुकडे टाकायचेच असतील तर पुढे सांगितलेली मातीची तपासणी झाल्यावर, वजन करून, आणि प्रत्येक प्रकारचा नमुना ठेवूनच टाका.

धुण्याआधी वेगळी काढायची खापरे

सगळेच धुवायचे नसते. पुढचे तुकडे पाण्यापासून दूर ठेवा:
– आत काजळी, करपलेले अन्न, डांबर किंवा राळ चिकटलेली;
– अंगावर रंगाने अक्षरे लिहिल्याचा संशय असलेली (ॲम्फोऱ्याच्या खांद्यावर माल, वजन, व्यापाऱ्याचे नाव काळ्या किंवा लाल रंगात लिहीत, आणि तो रंग ब्रशच्या एका फटक्यात जातो);
– लेप पापुद्र्यासारखा सुटत असलेली;
– चुरा होणारी, कमी भाजलेली.

आत मुरलेल्या चरबीची किंवा तेलाची तपासणी करायची असेल तर त्या खापराला उघड्या हाताने स्पर्श नको आणि प्लॅस्टिकही नको, कारण दोन्हींतून तेलकट अंश उतरतो. ॲल्युमिनियमच्या पत्रीत गुंडाळा. त्याच थरातली मूठभर माती तुलनेसाठी सोबत ठेवा. प्रयोगशाळेला खापराची साधारण २ ग्रॅम भुकटी पुरते.

उरलेली खापरे साध्या गार पाण्यात, मऊ टूथब्रशने, एकेक करून धुवा. बादलीत भिजत घालू नका. भाजणी कमी असेल तर ती विरघळू लागतात. ब्रश सगळ्यांत जास्त फिरवायचा तो तुटलेल्या कडेवर, कारण पुढची सगळी ओळख तिथूनच होणार आहे आणि जोड जुळवायचे तेही त्याच कडांनी. चकचकीत लाल लेपावर मात्र हात हलका ठेवा. आम्लधर्मी जमिनीतून आलेल्या भांड्यांचा लेप आधीच सैल झालेला असतो. दर थरानंतर पाणी बदला आणि बादलीचा तळ चाळणीतून गाळा. मागच्या थराचा चिमुकला तुकडा तळाशी राहून पुढच्या थरात जाणे ही धुण्यातली सगळ्यांत नेहमीची चूक.

खापरावर चुन्याचा थर बसला असेल तर तो आम्लाने काढायचा मोह होतो. काढू नका. मातीत चुनखडीचे किंवा शिंपल्याचे कण असतील तर आम्ल तेही खाऊन टाकते आणि खापर आतून पोकळ होते.

वाळवण सावलीत, जाळीच्या ट्रेमध्ये. कोरड्या हवेत एक-दोन दिवस पुरतात. पावसाळी दमट हवेत आठवडा लागला तरी घाई नको. ओली खापरे बंद पिशवीत गेली की बुरशी आलीच. खाऱ्या जमिनीतल्या खापरांवर वाळताना पांढरे स्फटिक उमटले तर ते मीठ आहे, आणि ते लेप उचलून टाकते. अशी मजबूत खापरे स्वच्छ पाण्यात ठेवून रोज पाणी बदला आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहा. आकडा खाली येऊन स्थिरावला की मीठ निघाले.

क्रमांक लिहिताना आधी ॲसिटोनमध्ये १५ ते २० टक्के विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ पट्टा द्या. तो वाळल्यावर बारीक निबने काळ्या शाईत क्रमांक लिहा आणि वर पुन्हा तोच लेप द्या. लिहायची जागा आतली बाजू. तुटलेली कड, काठाची धार, नक्षी आणि ठसा यांवर कधीही लिहू नये. दोन सेंटिमीटरहून लहान तुकड्यांवर न लिहिता ते चिठ्ठीसह पिशवीत ठेवा. जोडही पॅरालॉइडनेच लावा, म्हणजे चुकला तर ॲसिटोनने सुटतो. इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद लावलात की चूक कायमची झाली.

माती बघणे

हा कामाचा गाभा आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त टंगळमंगळ होते. आकाराची नक्कल कुंभार कुठेही करू शकतो, पण माती बदलू शकत नाही. तो आपल्या गावाजवळचीच माती वापरतो.

पक्कडीने कडेचा छोटा टवका उडवा, म्हणजे ताजी कड दिसेल. काठावर किंवा नक्षीवर टवका उडवू नका. मग १० किंवा २० पट भिंगाखाली, दिवसाच्या उजेडात, या क्रमाने लिहा:

रंग: बाहेरची कड, गाभा, आतली कड असे तीन वेगळे. रंगपट्टीवरून (मन्सेल) क्रमांक घ्या. 'लालसर' हा शब्द दोघांना दोन रंग दाखवतो.

कडकपणा: नखाने ओरखडा उठतो का? नाही, तर पोलादी पात्याने?

स्पर्श आणि तुटण्याची तऱ्हा: गुळगुळीत, साबणासारखी, खरबरीत, कड सरळ तुटते की उंचसखल.

कण: काय आहेत, केवढे, किती दाट, टोकदार की गोल. पाव मिलिमीटरच्या आतले बारीक, अर्ध्यापर्यंतचे मध्यम, एकपर्यंतचे जाड, त्याहून मोठे अतिजाड. पारदर्शक ते दुधी आणि पात्याने न खरवडणारे म्हणजे गारगोटी. पांढरे, मऊ आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा (१० टक्के) थेंब पडताच फसफसणारे म्हणजे चुनखडी. ही चाचणी उडवलेल्या टवक्यावर करा, मूळ खापरावर नाही; हातमोजे आणि चष्मा घालून. पत्र्यासारखे चमकणारे म्हणजे अभ्रक. कोनदार, मातकट, आसपासच्या मातीच्याच जातीचे म्हणजे कुटलेली जुनी खापरे. शिंपले आम्लधर्मी जमिनीत विरघळून गेलेले असतात. मग त्यांच्या जागी चपट्या फटी उरतात आणि त्या 'काही नाही' म्हणून सुटतात.

इथे महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी खास इशारा. नेपल्सच्या आखाताभोवती बनलेल्या मद्याच्या ॲम्फोऱ्यांची माती प्रसिद्ध आहे, कारण तिच्यात ज्वालामुखीच्या वाळूतले काळे-हिरवट ऑजाइटचे कण तीळ भुरभुरल्यासारखे दिसतात. पण ऑजाइट आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही असतोच. गोदावरी-भीमेकाठच्या वाळूने बनवलेला जाड रांजणही भिंगाखाली तितकाच 'इटालियन' वाटू शकतो. काळे कण दिसले म्हणून निकाल देऊ नका. खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घेऊन ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सोबतची खनिजे तपासा. नेपल्सकडच्या मातीत ऑजाइटसोबत पोटॅशयुक्त फेल्डस्पार आणि ज्वालामुखी काचेचे तुकडे येतात. बेसाल्टच्या वाळूचा मेळ वेगळा असतो.

मातीनिहाय गट पाडताना गटांना आधी आकडे द्या, नावे नाहीत. 'गट ४: फिकट पिवळसर, मध्यम वाळू, आत काळा लेप.' एवढेच.

आता ओळख

चकचकीत लाल भांडी, म्हणजे टेरा सिजिलाटा. चकाकी काचेच्या झिलईची नसते. ती अतिशय बारीक गाळलेल्या मातीच्या लेपाची असते, आणि तो मोकळ्या हवेच्या भट्टीत कडक भाजलेला असतो. 'ग्लेझ' लिहिलेली नोंद दिसली की नोंदणाऱ्याला पुन्हा बसवावे. इटलीत अरेत्सो इथे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सुरुवात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात दक्षिण गॉलमधले (आजचा फ्रान्स) ला ग्राउफसांक, दुसऱ्या शतकात मध्य गॉलमधले लेझू, आणि नंतर पूर्वेकडे, आजच्या जर्मनीत, राइनझाबर्न व त्रिअर. दक्षिण गॉलची माती गुलाबी-लाल, आत फिकट चुन्याचे बारीक ठिपके. लेझूची जरा नारिंगी, बारीक अभ्रकाची. आगीत सापडलेले सिजिलाटा काळे पडते, म्हणून काळी, पातळ, गुळगुळीत खापरेही ताजी कड बघूनच बाजूला करा.

आकारांचे क्रमांक जर्मन अभ्यासक ड्रागेनडॉर्फ यांनी १८९५ साली पाडले, ते आजही चालतात. २९ क्रमांकाचा मध्ये कंगोरा असलेला नक्षीदार वाडगा साधारण इ.स. ८५पर्यंत, ३७चा अर्धगोल वाडगा ७०च्या आसपास सुरू, सिंहमुखी तोटीचा ४५ क्रमांकाचा वाडगा १७०नंतरचा. नक्षीदार तुकड्यात वरची अंडाकृती ठशांची पट्टी आधी टिपा. साचा कोणाचा, हे बहुधा तीच सांगते. तिचा ठसा घ्यायचा तर ओला पातळ जपानी कागद दाबून बसवा, वाळू द्या आणि वरून ग्राफाइटची भुकटी बोटाने फिरवा.

बुडाच्या आत कुंभाराच्या नावाचा ठसा असेल तर दिसतात तीच अक्षरे लिहा. उलटी अक्षरे उलटीच, जोडलेली जोडूनच, तुटलेल्या जागी कंस. नावाआधी 'ओ-एफ' असेल तर 'कार्यशाळा', नावानंतर 'एफ' असेल तर 'याने केले', 'एम' म्हणजे 'याच्या हातचे'. एकाच नावाचे अनेक कुंभार होऊन गेले, म्हणून जुळवायचा तो ठशाचा साचा, नुसते नाव नव्हे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना १९४५ साली व्हिबी, कामुरी, इट्टा अशा ठशांची अरेत्सोची भांडी मिळाली. त्यांवरूनच त्यांनी दक्षिण भारतातल्या थरांच्या तारखांना खुंटी ठोकली. मात्र त्याच थरांतली चाकाच्या रेघांची नक्षी असलेली रूलेटेड ताटेही त्यांनी भूमध्यसागरी परंपरेत बसवली. पुढे डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने माती तपासून त्यांचा उगम बंगालच्या चंद्रकेतुगड-तामलुक भागाकडे नेला. आकार फसवतो, माती फसवत नाही, याचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

ॲम्फोरा. आकारांचे क्रमांक जर्मन अभ्यासक हाइनरिश ड्रेसेल यांचे, १८९९चे. दक्षिण स्पेनमधल्या ग्वाडलकिव्हिर खोऱ्यातला तेलाचा ड्रेसेल २० गोलमटोल, जाडजूड. रिकामा ३० किलोच्या घरात, आत ६० ते ७० लिटर तेल. ड्रेसेल २-४ मद्याचा, आणि त्याची खूण म्हणजे दोन सळ्या चिकटवल्यासारखे जुळे कान. भारतात सापडतात त्यांत मद्याचेच जास्त. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत भडोचला येणाऱ्या मद्यांत इटालियन मद्याला पहिली पसंती सांगितली आहे, आणि पैठण व तेर (तगर) यांचा माल गाड्यांनी त्याच बंदराला जात असल्याचेही.

टॉर्पेडो रांजण आणि ॲम्फोरा वेगळे काढण्यासाठी काठ पुढे ठेवा. टॉर्पेडोला मान नाही आणि कान नाहीत. काठ जाड, गुंडाळल्यासारखा आणि थेट खांद्यावर; खाली निमुळते बूड. माती फिकट पिवळसर ते गुलाबीसर, वाळूची. ॲम्फोऱ्याला उभी मान आणि दोन कान. नुसता पोटाचा तुकडा असेल तर आतल्या काळ्या लेपावर विसंबू नका. टॉर्पेडोत नैसर्गिक डांबर असते आणि रोमन मद्यकुंभात पाइनची राळ. उघड्या डोळ्यांना दोन्ही सारखीच काळी दिसतात. फरक रासायनिक विश्लेषणच सांगते, म्हणून तो लेप धुऊ नये हे आधीच सांगितले. भारतातले टॉर्पेडो बहुतेक ससानी (इस्लामपूर्व इराणचे राजघराणे) ते आरंभीच्या इस्लामी काळातले.

ब्रिटनमधल्या स्थळावर असाल तर आणखी दोन गोष्टी रोज हाताला लागतील. एक मोर्टेरियम: जाड कडेचा, तोटीचा वाडगा, आत मुद्दाम रुतवलेल्या खड्यांचा खरबरीत तळ, जणू आपला खलच. खडे कोणत्या दगडाचे ते लिहा, त्यावरून भट्टी कळते. दुसरे डॉर्सेटचे हाताने घडवलेले काळे घोटलेले भांडे. ते पार उत्तरेच्या हेड्रियनच्या भिंतीपर्यंत (रोमन सरहद्दीची भिंत) सैन्याला पुरवले जाई. त्यावरची घोटलेली तिरकी जाळी उभट आणि टोकदार असेल तर आधीची, पसरट होत गेली तर तिसऱ्या शतकाकडची.

मोजणी

नुसती संख्या पुरेशी नाही. ॲम्फोऱ्याचा एकच रांजण फुटून शंभर तुकडे होतात आणि वजनात पेल्यांचा ढीग त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून प्रत्येक थरात, प्रत्येक मातीगटासाठी तीन आकडे: तुकडे, ग्रॅम, आणि काठाची टक्केवारी.

टक्केवारीसाठी एक-एक सेंटिमीटरने वाढणाऱ्या वर्तुळांचा, ५ टक्क्यांच्या फाकांत विभागलेला तक्ता लागतो. काठ उपडा ठेवा, पुढेमागे झुकवत खालून उजेड दिसेनासा झाला की तोच त्याचा खरा कल. मग तक्त्यावर सरकवत वर्तुळ जुळवा, व्यास लिहा, आणि वर्तुळाचा किती भाग व्यापला ते वाचा. १२, ८ आणि २० टक्क्यांचे तीन काठ मिळाले तर बेरीज ४० टक्के, म्हणजे ०.४० भांडे. पाच टक्क्यांहून छोट्या काठाचा व्यास अंदाजाने भरू नका, 'अनिश्चित' लिहा. हाताने घडवलेल्या भांड्यांचे तोंड गोल नसतेच, तिथे एक-दोन सेंटिमीटरची तफावत गृहीत धरा.

एकूण वजनाला तुकड्यांच्या संख्येने भागले की सरासरी तुकडा मिळतो. ॲम्फोरे वगळून काढलेला हा आकडा फार बोलका असतो. मोठे, टोकदार तुकडे म्हणजे कचरा तिथेच पडला आणि तिथेच राहिला. छोटे, कडा झिजलेले तुकडे म्हणजे माती कुठूनतरी उचलून आणली, किंवा नांगराने वर्षानुवर्षे खालीवर केली.

चित्र आणि तारीख

चित्र मूळ आकारात पेन्सिलीने काढा: मध्ये उभी रेघ, ब्रिटिश रीतीने डावीकडे काप आणि आतली बाजू, उजवीकडे बाहेरची बाजू. जाडी व्हर्नियरने, उतार कंगवा-मापकाने. छापताना साधी भांडी एक-चतुर्थांश, ठसे मूळ आकारात. कापाची जाडी नजरेने काढली की काठाचा नेमका तो बाक हरवतो, ज्यावरून प्रकार ठरायचा असतो.

थराची तारीख सर्वांत अलीकडच्या खापरावरून ठरते, बहुसंख्य खापरांवरून नाही. चाळीस तुकडे पहिल्या शतकातले आणि एक ४५ क्रमांकाच्या सिंहमुखी वाडग्याचा असेल, आणि तो बाहेरून शिरलेला नाही याची खात्री असेल, तर तो थर १७०नंतरचाच. सिजिलाटा महाग वस्तू, शिसाच्या टाक्यांनी शिवून वापरलेली सापडते. भट्टीतून बाहेर पडल्यापासून फुटून मातीत जाईपर्यंत एखाद्या वाडग्याची कित्येक दशके गेलेली असू शकतात. त्यामुळे भट्टीची तारीख आणि थराची तारीख हे नोंदवहीत दोन वेगळे रकाने ठेवा. मातीचा गट, आकाराचा क्रमांक आणि सर्वांत शेवटच्या रकान्यात नाव, तेही पेन्सिलीने.